काचेसाठी एक हंडा पाणी

१२ मे २०१३, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. गंगापूरहून आलेल्या जीपने मला मेंढपाळांच्या वस्तीपाशी उतरवले. वस्तीत वीज नव्हती. बोअरवरचा पंप सोलरच्या प्लेटांवर चाले. शहरात, औरंगपुऱ्यात माझे पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान होते. हा पंप आणि प्लेटा मीच बसवल्या होत्या.

आठ दिवसांपासून पाणी वर येत नव्हते; पिण्यापुरते हंडे बायका लांबून डोक्यावरून आणत होत्या. घोड्यांवर लादायच्या गोण्या बांधून तयार होत्या. त्या दिवशी पंप चालला नाही, तर दुसऱ्या दिवशी वस्ती उठणार होती.

दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. दोरी ओली आली, म्हणजे खाली पाणी होते. तारा शाबूत होत्या. दोष प्लेटांवर होता. शहरातल्या इमारतींसाठी समोरच्या टेकडीवर खडी फोडत असत. तिची भुकटी काचेवर बसली होती आणि अवकाळी पावसाच्या चार थेंबांनी तिचा गिलावा झाला होता.

“आठवड्याला दोन बादल्या पाण्याने धुवा, असे सांगितले होते,” मी म्हणालो.

पंपाची राखण एका म्हाताऱ्या बाईकडे होती. ती म्हणाली, “व्हय सायब. लेकरं आठ दिस पारोशी, अन् तुमच्या काचंला न्हाणं!”

बायका हसल्या.

“लोकरीनं रोज पुसती म्या. निघंना त्ये.”

मी त्यांना आळशी समजत आलो होतो. तो नियम मी शहरात, नळाशेजारी उभा राहून केला होता.

“एक हंडा द्या. काच तापायच्या आत, नाहीतर पाण्याने तडकेल.”

“अन् पंप नाय चालला तर?”

“चालेल.”

“तुमचं लई सोपं हाय. हंडा माझा जातोय.”

तिचे खरे होते. मी पत्र्याचा तुकडा मागितला, गुडघ्यावर वाकवून पन्हळ केली, प्लेटांच्या खालच्या कडेला तारेने बांधली आणि तिचे तोंड मेंढ्यांच्या डोणीवर धरले. बाईने हंडा आणला. घोंगडीच्या ओल्या तुकड्याने मी गिलावा भिजवून काढला. गढूळ पाणी पन्हळीतून डोणीत उतरू लागले.

“गाळ बसला की मेंढरं पितील,” ती म्हणाली. “हे आधी सांगाय काय झालं व्हतं?”

“आधी सुचले नव्हते.”

उरलेले पाणी तिने स्वतःच काचेवर ओतले.

नऊ वाजता खटका दाबला. आधी हवा, मग तांबडा गाळ, मग पाणी आले. पहिला हंडा मी तिचा भरला.

“काठोकाठ, सायब. म्या काठोकाठ दिला व्हता.”

काठोकाठ भरून दिला. मागे कोणीतरी गोण्यांच्या गाठी सोडू लागले होते. मी पन्हळीची तार काढली आणि प्लेटांच्या चौकटीला पन्हळ चार नट-बोल्टांनी कायमची आवळून टाकली.