तुरोब-अकांच्या हातावरची पट्टी

तुरोब-अकांच्या डाव्या भुवईला केस नाहीत. बारा वर्षांचे असताना ते पहिल्यांदा तंदुरात वाकले तेव्हा केस जळाले, ते पुन्हा आलेच नाहीत. त्याला एक्कावन्न वर्षं झाली. मार्गिलान शहरातल्या आमच्या गल्लीत सकाळचा नान त्यांच्याकडूनच येतो; सगळी गल्ली त्यांना अका, म्हणजे दादा, म्हणते. यजमान गेल्यापासून मी रोज एकच आणते आणि तो कसा निघाला ते रोजनिशीत टिपून ठेवते.

यंदा सरातानच्या, म्हणजे ऐन भाजणाऱ्या, उन्हाळ्यात त्यांची मुलगी मुखलिसा त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर एक पट्टी चिकटवून गेली. ती दवाखान्यात नर्स आहे. पट्टी कोटाच्या बटणाएवढी. घामातून किती मीठ आणि पाणी जातं ते मोजायचं आणि आकडा मुखलिसाच्या मोबाईलवर पाठवायचा, एवढंच तिचं काम. आगीजवळ राबणाऱ्या वीस जणांना दवाखान्याने ती दिली होती.

“हेर आहे हा, ओपा,” अका मला म्हणाले. मी वयाने मोठी, म्हणून ते मला ताई म्हणतात. “बख्रोमने बसवलाय.”

“तुमचाच मुलगा आहे तो.”

“म्हणूनच तर ओळखून आहे.”

बख्रोमला तंदूर पाडून तिथे विजेची भट्टी हवी होती. तो तंदूर अकांच्या बायकोने, हनिफाने, मातीत बकरीचे केस तुडवून स्वतः घडवला होता. तिला जाऊन सहा वर्षं झाली. भेगा पडल्या की अका स्वतःच लिंपतात, कुणाला हात लावू देत नाहीत. बख्रोम अंगणातून गेला तरी ते पट्टीवर बाही ओढून घेत.

नवव्या दिवशी, बुधवारी, मुखलिसा घाईघाईने आली.

“बाबा, आकडे भयंकर आहेत. एवढं मीठ अंगातून गेलं तर माणूस उभा राहत नाही.”

“मग मी काय आडवा पडलोय?”

“थट्टा नको. परवा डॉक्टर लिहून देणार आहेत, आगीजवळचं काम कायमचं बंद.”

बख्रोम दारात उभा होता. भट्टीची जागा मोजायला आणल्यासारखी एक मोजपट्टी त्याच्या खिशातून डोकावत होती. अकांनी ती पाहिली, मीही पाहिली. भावाबहिणीने मिळून काही शिजवलं असेल का, असं माझ्याही मनात आलं. मुखलिसाला मी पाळण्यात पाहिलेलं, त्यामुळे स्वतःची लाज वाटली. पण संशय काही गेला नाही.

“मला सगळे आकडे सांग,” मी म्हटलं. “एकेका दिवसाचे.”

तिने कुरकुरत सांगितले. मी घरी येऊन ते रोजनिशीच्या समासात उतरवले. सात दिवस भयंकर, दोन दिवस अगदी साधे. त्या दोन साध्या दिवसांपैकी पहिल्या, मंगळवारपुढे माझी नोंद होती: ‘नान एका बाजूने फाटका. अकांचा खांदा दुखतो, तंदुरात पाणी सुनेने, झुमरदने, मारलं.’ दुसऱ्या, शनिवारपुढे: ‘पुन्हा फाटका. पुन्हा झुमरद.’

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुखलिसाला घेऊन तंदुरापाशी उभी राहिले. अकांच्या उजव्या हातात, नान तंदुराला चिकटवायच्या कापडी गादीवर, कच्चा नान होता. डावा हात त्यांनी मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवला आणि सपकन तंदुराच्या आतल्या भिंतीवर शिंपडा मारला. हात वर उचलला की पाणी मनगटावरून, पट्टीवरून, थेट कोपरापर्यंत ओघळत होतं. खाऱ्या पाण्याशिवाय नान भिंतीपासून सुटत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. झुमरद हात आखडून शिंपडते, म्हणून तिचे नान फाटतात; आणि ती शिंपडते त्या दिवशी अकांच्या पट्टीवर खारं पाणी पडत नाही.

मुखलिसा लाकडांच्या ढिगावरच बसली. “याच तंदुरापाशी मी लहानाची मोठी झाले! आणि पट्टी तिथे चिकटवलीही मीच.”

“म्हणजे तुमचा हेर नानच्या पाण्याचं मीठ मोजत होता,” अका म्हणाले.

“आता पाठीवर लावते.”

“आता तरी खरं काय ते कळेल,” मागून बख्रोम म्हणाला.

“ऐकलंत ओपा? अजून आशा सोडली नाही याने!”

डॉक्टरांनी आठवडाभर थांबायचं कबूल केलं. पाठीवरच्या पट्टीने मिठाबद्दल तक्रार केली नाही, पण सकाळी दहानंतर अकांच्या अंगात पाणी फार कमी उरतं असं दाखवलं. कागदावर लिहून आलं: काम चालू ठेवावं, दर तासाला वाडगाभर खारं ताक प्यावं.

“हा डॉक्टर ताकवाल्याचा जावई असणार,” अका म्हणाले.

तरी पितात. आधी इकडेतिकडे बघतात, बख्रोम नाही अशी खात्री करतात, मग भिंतीकडे तोंड करून वाडगा रिकामा करतात. तो झुमरद भरून ठेवते अशी त्यांची समजूत आहे. माझी खिडकी तो वाडगा ठेवतात त्या कोनाड्यासमोरच उघडते. दर तासाला वाडगा कोण भरतं ते मी पाहिलं आहे, तारखांसह लिहिलंही आहे. अकांना मात्र सांगितलेलं नाही. बख्रोम भरतो हे कळलं तर ते प्यायचेच बंद होतील.

मोजपट्टी अजून बख्रोमच्या खिशात असते. ती अजून भट्टीसाठीच आहे की नाही ते मला कळलेलं नाही, म्हणून तिच्याबद्दल रोजनिशीत मी अजून काही लिहिलेलं नाही.