सुटलेला पट्टा

तिला सगळे खुंटा म्हणत. बाईमाणसाला खुंटा का, खुंटी का नाही, असं कुणी विचारलंच, तर दारावरचे रखवालदार सांगत की खुंटीला सदरा टांगतात आणि खुंट्याला बैल बांधतात, आता हिच्याकडे बघून काय ते ठरवा. अंगाने थोराड, मनगटं दांडगी, आणि एकदा पाय रोवले की चौघांनी ढकललं तरी टाच उचलत नसे. या एका गुणावर तिला मोठ्या इस्पितळात, अपघात विभागाच्या दारावर, नवी नोकरी लागली होती.

त्या दारावर यमाचं आणि माणसांचं रोज भांडण चाले. यम हाताला लागत नाही, म्हणून माणसं डॉक्टरला धरत, आणि डॉक्टरच्या आधी रखवालदाराला. म्हणून तिथे जोडीने उभं राहायची पद्धत होती. पुढचा गर्दीला तोंड देई. मागचा त्याचा पट्टा धरी. कमरेचा पट्टा चांगला चार बोटं रुंद, पाठीमागे जाड कापडाची कडी शिवलेली. पुढच्याला गर्दीने आत ओढून घेऊ नये, एवढंच त्या कडीचं काम. रखवालदार पुरवणाऱ्या ठेकेदाराने, तिच्या नव्या मालकाने, पहिल्या दिवशी तिच्या मुठीत कडी देऊन सांगितलं होतं की पुढच्याने माणसांकडे बघायचं आणि मागच्याने फक्त पट्ट्याकडे. दार गेलं तर दार नवं बसवता येतं.

तिच्या पुढे उभा राहायचा तो दाढी. छातीपर्यंत काळीभोर दाढी, आवाज ढोलासारखा आणि मन लोण्यासारखं. मिश्या चढवून रडणाऱ्या पोरांना हसवायचा. ही मागे असली की मला पाठीची काळजी नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. आणि ही बाई ते ऐकून खाली बघे, कारण तिला दिवस गेले होते आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं? दुधाने तोंड पोळलं होतं म्हणून. आधीच्या नोकरीत, एका कपड्यांच्या दुकानात, तिने मोठ्या आनंदाने व्यवस्थापकाला सांगितलं होतं. त्याने अभिनंदन केलं, पाणी विचारलं आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. त्या धावपळीत, रोज नव्या दारात नोकरी मागत फिरताना, पोटातलं पोरही राहिलं नाही. तेल गेलं, तूप गेलं. म्हणून या खेपेला तिने तोंडाला कुलूप घातलं. ठेकेदाराने कामावर घेताना विचारलं होतं, आम्हाला ठाऊक असावं असं काही आहे का? ती काही नाही म्हणाली. जरा पाय रोवू, मग बोलू, असा हिशेब. नवऱ्यालाही तो पटला होता. नवरा पावाची गाडी चालवायचा, आणि त्याला बायकोचे सगळे हिशेब पटायचे.

मग ती दुपार आली. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण आत आणला आणि आत आणल्या आणल्या गेला. त्याचे भाऊबंद हातात हेल्मेटं घेऊनच आले होते. आधी रडले, मग ओरडले, मग कुणीतरी सलाईनची लोखंडी दांडी उचलली आणि दाराची काच खळकन खाली आली. दाढी हात पसरून उभा राहिला. एकाने त्याची दाढीच धरून खाली खेचली, दुसऱ्याने मानेवर दांडी हाणली, आणि तरी तो माणूस शांत आवाजात म्हणत होता, बाबांनो, मागे व्हा, आत आजारी माणसं आहेत. मागे खुंट्याने कडी मुठीत आवळली होती. पट्टा ताणून ताणून तिची बोटं पांढरी पडली होती. तेवढ्यात हेल्मेट वर गेलं.

आणि पट्टा सुटला.

दाढी त्या गर्दीत असा गेला, जसा विहिरीत दगड. हेल्मेट एकदा बसलं, दोनदा बसलं, तिसऱ्यांदा बसलं तेव्हा सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज तिने ऐकला. तो खाली पडल्यावर बुटांनी तुडवला. मेलेल्या पोराचा बापच शेवटी मध्ये पडला आणि पुरे करा रे म्हणून आपल्याच माणसांना मारू लागला, तेव्हा लाथा थांबल्या. ती भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पोटावर धरून उभी होती. तिला ओरखडासुद्धा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिच्या खुंटीवर दाढीचा पट्टा टांगलेला होता, रक्ताने कडक झालेला. कुणी टांगला ते कुणी बोललं नाही. एका रखवालदाराने जाता जाता खांद्याने तिला अशी धडक दिली की ती कपाटावर आदळली. एरवी तिने त्याला तिथेच लोळवला असता. तिने मुकाट्याने पट्टा काढला, घडी केली आणि ठेकेदाराच्या खोलीत गेली.

घरून निघताना नवऱ्याने पढवून पाठवलं होतं. सांगायचंच आहे तर सांग, पण कालच कळलं म्हण. गोंधळात पोटात दुखलं, तपासलं, तेव्हा कळलं. कोण विचारणार आहे? बोलणं खोटं होतं, पण बिनतोड होतं.

ठेकेदार कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसला होता. तिने उभ्यानेच सांगितलं की ती गरोदर आहे, चौथा महिना चालू आहे, आणि कुणाचा तरी गुडघा पोटाकडे आला म्हणून हात सुटला. त्याने पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाला,

"कधीपासून माहीत होतं?"

खोटं अगदी जिभेवर होतं. पण हातात तो घडी केलेला पट्टा होता.

"तुमच्याकडे आले तेव्हाच, साहेब."

ठेकेदाराने मूठ अशी आपटली की टेबलावरची काच तडकली आणि त्याच्याच हातातून रक्त आलं. ते त्याने पाहिलंही नाही. कॅमेऱ्याच्या खोलीतली खुर्ची महिनाभर रिकामी आहे, त्याने सांगितलं. बसून काम. एक शब्द बोलली असतीस तर त्याच दिवशी तिथे बसवली असती. तिने मागच्या व्यवस्थापकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर त्याने मध्येच तोडलं.

"तो मी होतो का? तुला काढलं त्याने, आणि जबडा कुणाचा मोडला?"

मग त्याने पडदा तिच्याकडे वळवला, कालचं चित्रण लावलं आणि म्हणाला, आता गुडघा दाखव.

तिने पाहिलं. हेल्मेट वर गेलं, आणि त्याच क्षणी मागच्या बाईच्या दोन्ही मुठी उघडल्या आणि ती मागे सरली. तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. गुडघा नव्हता, लाथ नव्हती, काहीच नव्हतं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हाही नव्हतं. रात्रभर तिला तो गुडघा पोटाकडे येताना स्पष्ट दिसत होता, आणि तो तिने स्वतःच घडवला होता. तिला आपलीच शिसारी आली. पोटातल्या जिवाला वाचवलं याची लाज वाटेना, आणि दाढीला सोडलं याची लाज आवरेना, अशा कात्रीत ती त्या पडद्यासमोर उभी राहिली.

खुर्ची तुझी, उद्यापासून बस, ठेकेदार म्हणाला. हाताला रुमाल गुंडाळत त्याने आणखी एक सांगितलं, की मला सांगून झालं, आता ज्याचा पट्टा होता त्याला सांग.

वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत आधी तिला दाढी सापडलाच नाही. शस्त्रक्रियेसाठी त्याची दाढी काढली होती. पलंगावर एक गुळगुळीत, सुजलेल्या चेहऱ्याचा कोवळा माणूस पडला होता, दात तारेने बांधलेले, आणि त्याची बायको चमच्याने ओठांच्या फटीतून पाणी सोडत होती. खुंट्याने सगळं सांगितलं. पोटाचं सांगितलं, पहिल्या पोराचं सांगितलं, लपवल्याचं सांगितलं. गुडघा आला नव्हता हेही सांगितलं.

बायको उठली. चमचा खाली ठेवला आणि खाडकन कानशिलात भडकावली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी केस धरून भिंतीवर डोकं आपटलं, आणि सगळा वेळ ती एकच विचारत होती, तुझं ते पोर आणि हा कोण, हा कुणाचं पोर नाही का? खुंट्याने हात उचलला नाही. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली, तरी ती उभीच राहिली. पलंगावरून घुसमटलेला आवाज आला तेव्हा बायको थांबली.

तो खुणेने जवळ ये म्हणत होता. ती वाकली. तारेच्या मागून, लाळेतून, एकेक शब्द सोडवत तो म्हणाला,

"मला सांगायचंस. मी कुणाला बोललो नसतो."

ते तिला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. सगळ्या इस्पितळात एक माणूस असा होता, की त्याच्या कानात सांगितलं असतं तर त्याने गुपचूप तिला मागून काढून दुसऱ्याला कडी धरायला लावली असती आणि वर काहीतरी थट्टा करून गोष्ट मिटवली असती. मालकाची भीती बाळगता बाळगता तिने या माणसालाही मालकाच्याच रांगेत उभं केलं होतं.

ती तिथेच ढसाढसा रडली. बायकोने नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि पुन्हा चमचा हातात घेतला. खुंट्याला कुणी बस म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.