चंद्राचं यान मी कसं भरकटवलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला बसलो की मधे थांबणं मला जमत नाही. जवळा बाजारच्या हायस्कुलात मी वीस वर्षं भूगोल शिकवतो. आणि त्याच मी, भर बाजारात, चंद्रावर निघालेलं आपलं यान वाटेतच हरवून टाकलं!

झालं असं. यान उडून आठवडा झाला होता. आठवडी बाजाराचा दिवस, हॉटेलात चहा घेत बसलो होतो. समोर पेपर. पेपरात चित्र: मधे पृथ्वी आणि तिच्याभोवती एकाहून एक मोठी होत गेलेली लांबट वेटोळी. तेवढ्यात मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा दत्ता आला. माईक थेट माझ्या मिशीला!

"सर, तुमी भूगोलाचे. यान कुठवर गेलं?"

आता सरळ 'माहीत नाही' म्हणावं की नाही? पण मास्तर माणूस! वर्गात तरी कधी म्हणालोय? चित्रावर एक नजर टाकली आणि गंभीर आवाज काढला, "परिस्थिती नाजूक आहे. चंद्र राहिला बाजूला, यान पृथ्वीलाच घिरट्या घालतंय. वाट सापडेना त्याला."

"म्हंजे भरकटलं?"

"मी तसं म्हणणार नाही." थोडं थांबलो. "पण तुम्ही म्हणू शकता."

दत्तानं म्हटलं! घरी पोचेपर्यंत माझा फोटो अख्ख्या तालुक्याच्या मोबाइलवर. खाली लाल अक्षरांत 'अवकाश तज्ज्ञ'. फोटो मात्र भजं खाताना.

संध्याकाळी सरपंच दारात. "सर, श्रावण चालू हाय. उद्या औंढ्याला नागनाथाला अभिषेक घालू, यान वाटंला लागलं पाह्यजे. दोन टेम्पो सांगितले. पुढं तुमी बसायचं!"

माझी छाती अशी फुगली म्हणता! सरपंच गेले, आणि आतून मंदा, म्हणजे आमच्या सौ., पेपर घेऊन बाहेर आल्या.

"अहो, बातमी वाचली का?"

"चित्र पाहिलं की!"

"चित्राखाली लिहिलंय ते? पंचमीचा झोका कसा चढवतो आम्ही? खाली आला की रेटा द्यायचा. दर रेट्याला झोका जास्त उंच. यानाचं तसंच. फिरत फिरत पृथ्वीजवळ आलं की इंजिन चालवायचं, की पुढची फेरी आणखी लांब. थेट जायला भलं मोठं रॉकेट लागतं. हे आपलं फेऱ्या वाढवत वाढवत चंद्रापर्यंत पोचणार. तिथं चंद्र ओढतो, आणि वेळेवर वेग कमी केला की यान त्याच्याभोवती फिरायला लागतं."

"आणि नाही कमी केला तर?"

"तर जातं वाहवत. तुमच्यासारखं!"

घाम फुटला. लगेच सरपंचांना फोन लावला. "सरपंच, ते यानाचं जरा..."

"सर, तिसरा टेम्पो बी भरला!"

"वा वा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. अहो, तीन टेम्पो माणसं केवळ माझ्या शब्दावर निघालेली! तुम्ही काय केलं असतं?

औंढ्याला सगळ्यांत पुढं मी. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. शेजारी तांड्यावरचे रामधनकाका, डोळे मिटून, हात जोडून. एवढी साधी माणसं आपण फसवली, या विचारानं मी पिंडीवर तांब्यावर तांबे ओतत सुटलो. लोकांना वाटलं, सर भक्तीत बुडाले.

दहा दिवसांनी बातमी आली: यान पृथ्वीची फेरी सोडून चंद्राकडं निघालं. गावात फटाके! शाळेत माझा सत्कार! शाल, नारळ आणि सरपंचांचं भाषण. "सोडलं शास्त्रज्ञांनी, पण वाटंला लावलं आपल्या सरांनी!"

टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेत मंदा, टाळी न वाजवता माझ्याकडं एकटक बघत.

नाही राहवलं. उठलो आणि सगळं कबूल केलं. यान कधीच भरकटलं नव्हतं, त्या फेऱ्या मुद्दाम होत्या, झोका, रेटा, सगळं. मला काडीचं माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

मग रामधनकाका सावकाश उठले.

"सर, आमाला हे त्याच दिशी ठावं होतं. आमच्या सूनबाईनं पेपर वाचून दाखवला."

मी गारच पडलो. "मग काका, टेम्पो भरून औंढ्याला काहून आलात?"

"यानासाठी थोडंच! ते तर बराबर चाललं होतं." काकांनी मायेनं माझ्याकडं पाहिलं. "पण एवढा शिकलेला माणूस भर बाजारात असं बोलून राहिला... म्हटलं, नागनाथा, सरांचं डोकं तेवढं ठिकाणावर येऊ दे!"