सिस्टर आणि गळका शॉकअप

सिस्टरांना सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, यात विशेष काही नाही. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण त्यांचे यजमान हयात होते तोवर तेही त्यांना सिस्टरच म्हणत. "सिस्टर, चहा होईल का?" असा ते ओसरीवरून आवाज देत आणि आतून उत्तर येई, "पहिले साखरेचा रिपोर्ट दाखवा!" हे मला समोरच्या किराणा दुकानाच्या वाणीकाकांनी सांगितलं. मी सिस्टरांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो तेव्हा यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ज्याच्याकडे रिपोर्ट मागावा असं घरात कोणी उरलं नव्हतं. ती जागा मी भरून काढली.

मी कॉलेजात गणित शिकवतो. जळगावहून बदलून आलो होतो, एकटाच होतो. सिस्टर मला 'प्रोफेसर' म्हणत आणि त्याच वाक्यात 'तू' म्हणत. "प्रोफेसर, तू आज डब्बा पूर्ण खाल्ला नाही." पदवीला मान द्यायचा, माणसाला मात्र लाडावून ठेवायचं नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

रस्त्याने जाणारा माणूस त्यांना माणूस म्हणून दिसतच नसे. "त्याचा डावा गुडघा गेला." "ही रक्त वाढवायच्या गोळ्या घेत नाही." माझ्या पहिल्याच दिवशी मी ट्रंक उचलत असताना त्या म्हणाल्या, "कंबर वाकवून नाही, गुडघे वाकवून उचल. नाहीतर चाळीस व्हायच्या आत माझ्याकडे येशील." मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो.

व्यायाम म्हणून मी एका सहकाऱ्याकडून जुनी माउंटन बाइक घेतली. पहाटे तापीच्या पुलावरून जैनाबादकडे जायचं, तिथून केळीच्या बागांमधल्या गाडवाटांनी भटकून परत यायचं. या सायकलींचा पुढचा चिमटा साधा नसतो, मोटारसायकलीसारखा दबतो आणि उठतो. आमच्याकडे त्याला शॉकअप म्हणतात. त्याच्या दोन्ही पायांत थोडं थोडं तेल असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते तेल सिस्टरांच्या ओसरीच्या पांढऱ्या फरशीवर आलं तेव्हा कळलं.

सिस्टर खाली वाकल्या. बोटाने डाग पुसला, नाकाशी नेला आणि मला विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"आजच दिसलं."

"पेशंट लोक असंच म्हणतात. आजच दिसलं. पंधरा दिवसांचं आहे हे."

मी सायकल घेऊन बाजारात गेलो. मिस्त्रीने हँडल दोनदा दाबलं, पुढचं चाक एकदा फिरवलं आणि म्हणाला, "सर, इसको वेल्डिंग मार देते हैं. जिंदगी भर की छुट्टी." इंदूरच्या दुकानात फोन केला, तर ते म्हणाले, शॉकअप काढून पाठवा, महिनाभराने बघू. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सिस्टरांचा चेहरा असा झाला की जणू मिस्त्रीने मलाच वेल्डिंग मारायचं ठरवलं होतं.

"घरी करू," त्या म्हणाल्या. "तुझ्या मोबाइलवर दाखव कसं करतात ते."

आम्ही तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. त्यातला गोरा माणूस फार भराभर बोलत होता म्हणून सिस्टरांनी आवाज बंद करायला लावला. "बोलणं ऐकू नको, हात पाह्य." मग त्या मध्येच चिडल्या. "हा सगळं सामान जमिनीवर ठेवून राहिला! याला कोणी बोलत नाही का?" त्यांनी वहीत पायऱ्या लिहून काढल्या, आणि दुसऱ्या पानावर सामानाची यादी. तेल मी मागवून घेतलं होतं. प्रत्येक पायात दहा मिली घालायचं होतं आणि ते मोजायला इंजेक्शनची सिरिंज लागणार होती. ही एकच वस्तू त्यांच्या घरात डझनाने होती.

रविवारी सकाळी ओसरीवर जुनी चादर, तिच्यावर वर्तमानपत्र, त्यावर एका ओळीत नटबोल्टचे पाने, षटकोनी ॲलन की, कपडे धुवायची लाकडी मोगरी. मला माझी अंगठी काढायला लावली. वाणीकाका गिऱ्हाईक सोडून बघायला आले आणि तेलाची बाटली पाहून म्हणाले, "एवढंसं तेल एवढ्याला? सिस्टर, माझ्याकडचं शेंगदाण्याचं घाला. तेल ते तेल."

"वाणीभाऊ, तुम्हाला सलाइन लावायची वेळ आली की मी ताक लावीन. पाणी ते पाणी."

काका दुकानात परत गेले, पण मान इकडेच ठेवून बसले.

पुढचं चाक काढलं. शॉकअपच्या वरच्या झडपेतून आतली हवा सोडली. मग खालचे दोन बोल्ट सैल केले, आणि आता त्यांवर हलके ठोके मारून आतल्या नळ्या सुट्या करायच्या होत्या. मी मोगरी उचलून दणका दिला. सिस्टरांनी मोगरी काढून घेतली. "मारायचं नाही रे, समजवायचं." त्यांनी टक टक केलं आणि खरोखरच खालचा भाग सुटून हातात आला. आतून जे तेल निघालं ते काढ्यासारखं काळं होतं आणि त्याला सडक्या माशाचा वास होता. सिस्टर त्याकडे इतक्या समाधानाने बघत होत्या की मला माझ्या सायकलीचा अभिमान वाटला.

पुसणं झालं. आतल्या स्पंजच्या दोन रिंगा नव्या तेलात भिजत घातल्या. खालचा भाग परत अर्धा चढवला. आता बोल्टच्या भोकातून तेल भरायचं. सिस्टरांनी सिरिंजमध्ये दहा मिली बरोबर ओढलं, बोटाने टिचकी मारून बुडबुडा वर आणला, आणि सायकल आडवी धरून मी समोर केलेल्या भोकाजवळ टोक नेलं.

टोक भोकात जाईना. ते भोकाच्या भोवती फिरत राहिलं. तेलाची धार नळीवरून ओघळत माझ्या मनगटावर आली. सिस्टरांनी उजवा हात डाव्या हाताने धरला आणि पुन्हा प्रयत्न केला. आता दोन्ही हात हलू लागले.

गल्लीतली माणसं वर्षभरापासून तक्रार करत होती की सिस्टर आता इंजेक्शन देत नाहीत, 'रिटायर झाले, हात जोडले' म्हणून परत पाठवतात, शिष्ट झाल्या. मीही तसंच समजत होतो.

"प्रोफेसर, तू भर," त्या म्हणाल्या. "मला चष्म्यातून बराबर दिसत नाही."

रस्त्यापलीकडच्या वाणीकाकांच्या तराजूत किती साबुदाणा आहे हे सांगणारी बाई मला हे सांगत होती. मी सिरिंज घेतली. माझाही हात हलत होता, फक्त भीतीने.

"श्वास सोड. सगळा सोड. आता दाब. घाई नाही. सावकाश." तेल गेलं. दुसऱ्या पायातही गेलं. मग त्या वर्तमानपत्राची घडी करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. कोणाला सांगू नको."

"पुण्याला तुमच्या मुलीला, ताईंना, सांगितलं?"

"तिला तर बिलकुल नाही. ती येईन, उचलून घेऊन जाईन. माझं घर इथं आहे."

मी मान डोलावली. आम्ही बोल्ट आवळले, हवा भरली, चाक बसवलं. सिस्टर वही घेऊन मोजायला बसल्या. "सहा नग काढले होते. दोन बोल्ट, दोन वायसर, दोन रिंगा. पाचच गेले. सहावा कुठे?"

सहावा वाटीत होता. स्पंजची एक रिंग तेलात निवांत भिजत पडली होती. तीन तास झाले होते, माझी कंबर मोडली होती. मी म्हटलं, "एका रिंगेने काय होतंय? चालेल."

"पेशंटच्या घरच्यांना असंच सांगणार? चालेल म्हणून?"

"सिस्टर, पेशंटच्या घरचा मीच आहे."

"मग तर आणखीनच लाज वाटली पाहिजे."

सगळं पुन्हा उघडलं. भरलेलं तेल सांडलं, पुन्हा भरलं. या वेळी माझा हात कमी हलला. संध्याकाळी मी सायकल वाणीकाकांच्या पायरीवरून उतरवली, तेव्हा चाक असं मऊपणे टेकलं की काका म्हणाले, "शेंगदाण्याच्या तेलाने हेच झालं असतं."

बातमी पसरली. पहाटे सायकली घेऊन जाणारे माझ्यासारखे आणखी आठ-दहा जण गावात होते, आणि सगळ्यांचे शॉकअप कधी ना कधी गळत होते. पुढच्या दोन हिवाळ्यांत रविवारी ओसरीवर गर्दी असायची. एक दातांचे डॉक्टर यायचे, ते सिस्टरांना घाबरून असायचे. जवळच्या फोपनारहून एक केळीबागाईतदार सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणायचा. सिस्टर खुर्चीवर बसून हुकूम सोडत आणि सिरिंज नेहमी माझ्या हातात असे. "प्रोफेसरला सवय लागू दे," त्या लोकांना सांगत. लोकांना वाटे मी शिकाऊ आहे. ते खरंच होतं, त्यामुळे गुपित सांभाळायला काही कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, त्यांची मुलगी न कळवता आली. सिस्टरांनी चहा केला. कप अर्धाच भरला होता, तरी बशीत कप वाजायला लागला. ताईंनी कपाकडे पाहिलं. "आई, हात दाखव."

मी पुढे झालो. "सकाळपासून शॉकअप दाबून दाबून त्यांचा हात भरून आलाय."

"सर," ताई शांतपणे म्हणाल्या, "नर्सची मुलगी आहे मी."

आत जाताना सिस्टर माझ्याशेजारी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला खोटं बोलायला शिकवायचं राहूनच गेलं."

आठवड्याने त्या ताईंबरोबर पुण्याला गेल्या. स्टेशनवर दातांचे डॉक्टर आणि वाणीकाकासुद्धा आले होते. काकांनी प्रवासात खायला शेंगदाणे दिले. गाडी हलेपर्यंत सिस्टर खिडकीतून मला सूचना देत होत्या: टाकी उघडी ठेवू नको, तुळशीला पाणी घाल, पोळी खात जा. रडण्याचा प्रसंग येऊच नये म्हणून त्या श्वासही न घेता बोलत होत्या. गाडी पुढे गेली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. शेवटची एक सूचना मला ऐकू आली नाही.

पुण्याला डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या. फोनवर त्या बोलत, पण आवाज पडलेला असे. "इथं लोक लिफ्टमध्ये बोलत नाही रे. वर आकड्याकडे पाह्यत राहतात." तीन-चार महिने असेच गेले. मग एका शनिवारी त्यांचा फोन आला आणि पोळी खाल्ली का हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

"सिस्टर, काय झालं?"

"खाली पार्किंगमध्ये एक सायकल आहे. निळी. डाव्या पायातून गळून राहिली. मी रोज पाह्यते. मालक आठव्या मजल्यावर राहतो, ओळखपाळख नाही." मग त्यांनी विचारलं, "सांगू का त्याला?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही मला विचारून केलं नव्हतं. मी म्हटलं, "सांगा. आजच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी फोटो पाठवला. पार्किंगमध्ये पसरलेली चादर, तिच्यावर उताणी सायकल. पन्नाशीचा एक जाडजूड गृहस्थ अर्ध्या चड्डीत उकिडवा बसलेला, हातात सिरिंज, जीभ दातांत धरलेली. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सिस्टर, एक बोट वर करून. खाली ताईंनी लिहिलं होतं, "आईने यांना हात धुवायला दोनदा घरी पाठवलं. आज लिफ्ट बंद आहे."