काकूंची सागवानी शोकेस

"हव."

शेजारच्या काकूंचं बोलणं या एका शब्दात उरकायचं. नळाला पाणी आलं का? हव. मुलगा हैदराबादहून येणार आहे का? हव. नाही म्हणायचं असलं तर त्या पदराला हात पुसत आत जायच्या आणि आपण काय ते समजून घ्यायचं. मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये त्यांच्या समोरच्याच दारात मी कितीतरी वर्षं राहतोय. त्यातल्या पहिल्या काही वर्षांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या असतील, तेवढं आमचा दूधवाला एका सकाळी बोलतो.

त्यांना बोलायची गरजही नव्हती म्हणा. घरात काका होते. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि आवाज असा की बाल्कनीत उभे राहून फोनवर बोलले तर फोन कशाला लावला असं वाटावं. उड्डाणपूल कुठे चुकला, संत्री यंदा आंबट का, क्रिकेटच्या संघात कोणाला बसवायला हवं होतं, सगळ्यांवर त्यांचं मत तयार असायचं. अशी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने चहा ठेवायचा, आणि दोघांचंही छान चाललेलं असतं.

मग एका हिवाळ्यात काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना समोरच्या खोलीत आरामखुर्चीत बसवायचे. समजत सगळं होतं, पण माणूस रुसल्यासारखा बाल्कनीकडे तोंड करून बसायचा. आपण बोललो तरी मान वळवायचे नाहीत. डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं की त्यांच्याशी सतत बोलत राहा, कानावर बोलणं पडलं पाहिजे, तरच जीभ परत वळेल. घर गप्प ठेवू नका.

आणि हे सांगितलं कोणाला, तर काकूंना.

सुरुवातीला माणसं येत होती. सगळे मोठमोठ्याने बोलायचे, जणू काकांचे कानच गेलेत. पुढे पुढे येणं कमी झालं. संध्याकाळी मी डोकावलो तर काकू खुर्चीशेजारी बसलेल्या असायच्या, तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. एकदा मी ऐकलं, त्या काकांना म्हणाल्या, "भाजी... वांग्याची आहे." पुढे काही सुचलंच नाही. मला त्यांची फार दया आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी माझं दार वाजवलं आणि विचारलं, ओळखीचा कोणी मिस्त्री आहे का.

काम होतं शोकेसचं. ही शोकेस म्हणजे काकूंचं आंदण. वडिलांनी कळमेश्वरकडच्या शेतातला साग तोडून मुलीच्या लग्नात करून दिलेली, माणसाहून उंच, पुढे सरकत्या काचा, पाठीमागे आरसा, खाली लांबलचक ड्रॉवर. तिच्यात सोनेरी काठाचा कपबशांचा सेट, संगमरवरी ताजमहाल, प्लास्टिकच्या पिशवीतली बाहुली आणि काकांना निरोपसमारंभात मिळालेलं स्मृतिचिन्ह. काकूंनी आयुष्यभर या वस्तू पुसल्या. त्या कपातून चहा मात्र कोणी प्यायला नव्हता.

सामान काढण्याआधी त्या काकांसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "काढू का?" काका बाहेर बघत राहिले. "नको तर नाही म्हटलं," असं मला सांगून त्यांनी पहिली बशी उचलली. स्मृतिचिन्ह माळ्यावर गेलं. कपबशा स्वयंपाकघरात गेल्या, आणि तेव्हापासून आम्हा शेजाऱ्यांना त्या घरात सोनेरी काठाच्या कपातून चहा मिळू लागला.

मिस्त्री आला. काय करायचंय ते ऐकून त्याने करवत खाली ठेवली. "काकी, इतना बढिया सागवान, चिडिया के वास्ते काटू क्या मैं?" काकू म्हणाल्या, "हव." मिस्त्रीने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

काचा निघाल्या, तिथे बारीक जाळीच्या चौकटी बसल्या. मधल्या फळ्या गेल्या. आतलं पॉलिश काकूंनी स्वतः पॉलिशपेपरने घासून काढलं, कारण पक्षी लाकूड कुरतडतात आणि ते त्यांच्या पोटात जाऊ नये. हे त्यांनी दुकानदाराला विचारून घेतलं होतं, म्हणजे त्या दुकानात जाऊन बोलल्या होत्या, याचंच मला जास्त नवल वाटलं. मिस्त्रीने कापलेल्या पेरूच्या फांद्या आडव्या बसवल्या, दोन लहान मडकी टांगली, एका जाळीत हात जाईल एवढं दार केलं. खालच्या ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्र अंथरलं की घाण त्यात पडायची, ड्रॉवर ओढून झटकला की झालं. मग आम्ही बर्डीच्या बाजारात जाऊन पक्षी आणले, हिरवे, पिवळे, निळे बजरीगर. दुकानदार त्यांना लव्हबर्डच म्हणत होता, आणि आमची स्कीमही मग तेच म्हणू लागली.

घरात एकदम कलकलाट सुरू झाला. पहाटेपासून जी किचकिच लागायची ती दिवे मालवेपर्यंत. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मीही काकूंना जरा भीत भीत म्हटलं की काकांना त्रास होत असेल.

काकूंनी पदराला हात पुसले, पण आत गेल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले बोलता येत नाही गा. म्हणून बोलणारे आणले."

मी घरी आलो. खालच्या मजल्यावर काय सांगायचं ते मीच सांगून टाकलं.

पण काका बघेनात. पाठीमागे एवढा गोंधळ, आणि हे आपले बाल्कनीतल्या तुळशीकडे बघत बसलेले. काकूंनी मग एक दिवस खुर्चीच फिरवली. काकांनी डोळे मिटून घेतले. हट्टी माणूस. काकूही हटल्या नाहीत, खुर्ची तशीच ठेवली.

एक चूक मात्र आम्ही केली होती. शोकेसच्या पाठीचा आरसा काढलाच नव्हता. पिवळा नर दिवसभर त्या आरशासमोर बसून मान हलवत आपल्याशीच बडबडायचा. शेजारी त्याची मादी बसलेली, तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. मी चहा पीत होतो तेव्हाची गोष्ट. काकू त्या पक्ष्याकडे बघता बघता काकांना म्हणाल्या, "पाहा न, याचं तुमच्यासारखंच आहे. आपणच बोलायचं, आपणच ऐकायचं."

माझा चहा सांडला. काकूंनी आयुष्यात काकांची चेष्टा केलेली मी पहिल्यांदा ऐकत होतो. काकांचे डोळे उघडले. त्यांनी पिवळ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि तोंडाची डावी बाजू किंचित हलली. ते हसू होतं असं मी शपथेवर सांगेन.

तिथून काकूंना वाचा फुटली. माणसांविषयी त्यांना बोलता येत नव्हतं, पक्ष्यांविषयी येऊ लागलं. कोणी कोणाचं राळं खाल्लं, निळीने हिरवीला फांदीवरून कसं ढकललं, मडक्यात कोण शिरून बसलं, सगळा हालहवाल त्या काकांना सांगायच्या. आरसा काढायला मिस्त्री परत आला, तेव्हा त्यालाही अर्धा तास ऐकावं लागलं.

मे महिना आला. कूलर चालू, वर पंखा पूर्ण वेगात. नागपूरच्या मे महिन्यात दुसरं काही करताच येत नाही. काकू पाण्याची वाटी बदलत होत्या आणि त्यांच्या हाताखालून पिवळा निसटला. खोलीत भिरभिरू लागला. मी टॉवेल घेऊन धावलो, काकू खिडकी लावायला धावल्या. दोघांचंही लक्ष पक्ष्याकडे.

"बंद."

आम्ही थबकलो. आवाज घोगरा होता, ओळखू न येणारा. मला वाटलं दार बंद करा म्हणतात, म्हणून मी बाल्कनीचं दार लावलं. काकांनी डावा हात वर उचलला, बोट पंख्याकडे केलं आणि ओरडले, "बंद!"

काकूंनी बटण दाबलं. पंख्याची पाती मंदावत थांबली, आणि पिवळा पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या काकांच्या पायाशी खाली बसल्या. "काय म्हटलं? अजून एकदा म्हणा न," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बंद." दोघंही रडत होते. पक्षी मी पकडला.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या स्कीममध्ये पेढे वाटले. काका बोलले म्हणून सांगत होत्या. काय बोलले असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "बंद म्हणाले," आणि पेढा पुढे करायच्या.

पुढची दोनेक वर्षं त्या घरात खूप आनंद होता. काकांना थोडे थोडे शब्द परत मिळाले, पाणी, भात, नाही, बस. बाकीचं सगळं काकू बोलायच्या. जिन्यात भेटल्या तर सुटका नसायची. भाजी आणायला निघालेला माणूस पिशवी हातात घेऊन तिथेच उभा.

गेल्या दिवाळीनंतर काकूंना ताप आला. अंगावर काढला. छातीत कफ भरला तेव्हा दवाखान्यात नेलं, पण तिथून त्या घरी परत आल्या नाहीत. आम्ही सगळे इतके दिवस काकांची काळजी करत होतो. काकूंकडे कोणी बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलगा काकांना हैदराबादला न्यायला आला होता. नातेवाईक म्हणाले, पक्षी कोणाला तरी देऊन टाका. काकांनी शोकेसकडे बोट केलं आणि "नाही" म्हणाले. मुलाने परोपरीने समजावलं. काका "नाही"वरून हलले नाहीत. शेवटी दिवसरात्र राहणारी एक बाई ठेवून मुलगा परत गेला. उन्हं कलली की काकू पक्ष्यांना कोथिंबीर द्यायच्या, ते काम मी माझ्याकडे घेतलं. त्या वेळेला सगळे पक्षी जाळीशी येऊन एकच ओरडा करतात.

परवा मला कामावरून यायला उशीर झाला. काकांचं दार उघडंच होतं, बाई आत भांडी घासत होती. पक्ष्यांचा आरडाओरडा जिन्यापर्यंत ऐकू येत होता. काका शोकेसला खेटून बसले होते, डावा हात जाळीवर ठेवून. काकू गेल्या हे काकांना चांगलं ठाऊक आहे, घाटावर काकूंना अग्नी दिला तेव्हा मी काकांच्या चाकाच्या खुर्चीशेजारीच उभा होतो. तरी ते त्या पाखरांची समजूत काढत होते, एकेक शब्द जोडत, अगदी हळू आवाजात.

"थांबा... येऊन राहिली. येऊन राहिली न."

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून थोडा वेळ दाराबाहेरच उभा राहिलो.