शिसारी

प्लंबरला घाणीची किळस कधी आलीच नाही. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या मोऱ्यांत कोपरापर्यंत हात घातले, केसांचे लिबलिबीत गुंते उपसले आणि तेच हात धुऊन तो पोटभर जेवला. त्याला शिसारी आली ती शाळेत, हेडमास्तरांच्या चकाचक खोलीत.

पिण्याच्या पाण्याचा नळ गळतोय म्हणून त्याला बोलावलं होतं. भिंत फोडली तर आत जुनाट, करडा पाइप. चाकूने खरवडला तर मऊ नि चकचकीत. शिसं! ते पाण्यात उतरतं आणि पोरांच्या मेंदूवर उठतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरीतली त्याची नात रोज याच नळावर बाटली भरायची.

"सर, नळ आजच बंद करा. पाइप शिशाचा आहे."

हेडमास्तरांना शब्दांचा भारी शौक. ते एकदम खुलले. "अहो मिस्त्री, प्लंबर शब्द कुठून आला माहितेय? लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात. शिशाचं काम करणारा तो प्लंबर! म्हणजे तुम्ही मुळातलेच शिसेवाले!"

"आणि पोरांचं काय?"

"बघू सुट्टीत. आता परीक्षा तोंडावर आल्यात." एवढं बोलून त्यांनी घरून आणलेल्या पाण्याचे दोन घोट घेतले.

पालथ्या घड्यावर पाणी! प्लंबरला त्या घोटांची शिसारी आली. त्याने नळाचं पाणी ग्लासात आणून टेबलावर आदळलं. "घ्या सर, एकच घोट."

हेडमास्तरांनी ग्लास बोटाने लांब सारला. "जास्त शहाणपणा नको. बारा वर्षांपूर्वी इथला सांधा तुम्हीच जोडलात ना? तेव्हा नाही दिसलं शिसं?"

दिसलं होतं. तेव्हाही त्याने खरवडून पाहिलं होतं, आणि आपल्याला काय करायचंय म्हणत वरून सिमेंट थापलं होतं. बारा वर्षांत किती पोरं प्यायली असतील? आता त्याला स्वतःचीच किळस वाटली.

तो तडक नळाकडे गेला, त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि हातभर पाइप करवतीने कापून काढला. हेडमास्तर मागून पोलिसांना बोलावतो म्हणून ओरडत राहिले.

मधल्या सुट्टीत नळावर सगळ्यात आधी नातच धावत आली.

"आबा, पाणी गेलं?"

"हो बाळा."

"असू दे. सकाळी इथूनच भरलेलं अर्धं उरलंय माझ्याकडे."

त्याने बाटली हिसकावून मोरीत ओतली. नात रडायला लागली. बाकीचं अर्धं तिच्या पोटात होतं, आणि ते काढायला त्याच्या पेटीत अवजार नव्हतं.