मेंढरू आभाळ बघत नाय

बंद मशीन चालू करायला घेतलं की मशीन चालू होईल तेव्हा होईल, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतात. माझ्याकडे तर सहा महिन्यांचा साठा आहे.

जुन्नरच्या आमच्या शाळेत एक जुना होम कॉम्प्युटर आहे. टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा. मी त्याच्यावरच प्रोग्रॅमिंग शिकलो. नवे हेडमास्तर म्हणाले, "गॅदरिंगला चालवून दाखवा. नाहीतर भंगारात!" मग आम्ही तिघं इरेला पेटलो: निवृत्त कुटे सर, पारगावचा इलेक्ट्रिशियन शांताराम आणि झेरॉक्सवाला मी.

*

शांतारामनं मशीन सुरू केलं; त्यावर दाखवायला मेंढरं नदीपार न्यायचा गेम ठरला. थेट मशीनवर टाइप करत होतो. दोनशे ओळी झाल्या आणि लाइट गेली. सगळं पुसलं! तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर शांताराम म्हणाला, "लॅपटॉपवर लिवू राव, त्याला बॅटरी हाय!"

तशी टूल्स मिळतात. लॅपटॉपवर लिहायचं, तिथेच त्या मशीनच्या भाषेत करून घ्यायचं. लॅपटॉपमध्ये नकली मशीनही असतं, त्यावर मेंढरं पळाली! मी पेढे आणले. सरांनी हात लावला नाही. "हा साखरपुडा झाला. लग्न बाकी आहे."

*

खरं मशीन कॅसेटवरून प्रोग्रॅम घेतं. म्हणून प्रोग्रॅमचा आवाज करून मोबाईलमधून वायरीने पाजायचा. पाच मिनिटं नुसती किंचाळी. चौथ्या मिनिटाला बायकोचा फोन आला आणि माझी रिंगटोन, म्हणजे गणपतीची आरती, थेट मशीनमध्ये! स्क्रीनवर नुसत्या रेघा.

सर म्हणाले, "लेण्याद्रीचा गणपती पावेल रे, पण त्याचा फॉरमॅट वेगळा पडतो!"

*

शांतारामचे वडील, आबा, अजून मेंढरं राखतात. गेम बघून ते चिडलेच. "असं व्हतं काय कुठं? पुढं शेळी पायजे. तिच्यामागनं मेंढरं जात्यात!"

शेळी घातली तर मेमरी भरली. मोबाईलमधल्या एका फोटोएवढीही जागा नाही त्यात.

"आबा, जागाच नाही."

"ते वर निळं काय हाय?"

"आभाळ."

"काढा ते. मेंढरू आभाळ बघत नाय!"

काढलं. शेळी बसली.

*

गॅदरिंगच्या सकाळी भंगारवाला तराजू घेऊन वर्गाच्या दारात. हेडमास्तरांनी बोलावूनच ठेवला होता! मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला. किंचाळी सुरू झाली. पाच मिनिटांनी स्क्रीनवर नदी आली, शेळी आली, मागून मेंढरं. सर हळूच म्हणाले, "पेढे आणलेत का?"

आबा खेळायला बसले. सगळी मेंढरं पार झाली, एक अलीकडेच राहिलं.

हेडमास्तर म्हणाले, "बास आबा, चालतंय हे कळलं. कार्यक्रम सुरू करायचाय."

"एक मागं राह्यलंय. त्याला घेतल्याबिगर मी न्हाई उठायचा!"

त्यांनी शेळी परत वळवली. तेवढ्यात दारातून भंगारवाला ओरडला, "आबा, डावीकडनं घ्या, डावीकडनं!"

मेंढरू पार झालं. हेडमास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता नंबर माझा."

"न्हाई सर," भंगारवाल्यानं तराजू खाली ठेवला. "मी आधी आलोय!"